टर्बो गाडीत पेट्रोलचं प्रेशर जास्त येतंय? आधी परतीची वाट तपासा

गेल्या मे महिन्यात भाच्याने गाडी आमच्या राजेंद्रनगरच्या घरासमोर लावली आणि त्याच्याआधी पेट्रोलचा वास घरात आला. जुनी १.८ लिटरची टर्बो ऑक्टेव्हिया. टर्बो मोठा बसवलेला, इंजेक्टर ४४० सीसीचे (मिनिटाला एवढं पेट्रोल सोडणारे), टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप. सायलेन्सरचं तोंड काजळीने काळंकुट्ट, अ‍ॅव्हरेज पार पडलेलं, आणि सिग्नलला थांबलं की गाडी मिसिंग करायची. बॉनेटखालच्या पेट्रोल प्रेशरच्या मीटरचा काटा आयडलला, म्हणजे रेस न देता, ४.६ बारवर. तिथे तो अडीचच्या जवळ असायला हवा होता.

“मामा, पंप जास्तच मोठा झालाय. लहान टाकून टाकू?”

मी त्याला पंप काढू दिला नाही. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवू दिला नाही, आणि लॅपटॉप लावून इंधन कमीही करू दिलं नाही. आधी तीन रीडिंग घ्यायची आणि ती कागदावर लिहायची, एवढंच सांगितलं. इंदूरमध्ये गाड्या मॉडिफाय करणारी मुलं आता पुष्कळ आहेत आणि हीच अडचण घेऊन बरेच जण येतात. त्यांच्यातल्या नव्यांसाठी ही सगळी पद्धत लिहितो आहे.

वाढलेलं प्रेशर कधी आजार असतो, कधी नसतो

ज्या गाड्यांत रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपवर) प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर असतो आणि तिथून एक नळी टाकीकडे परत जाते, त्यांना रिटर्न सिस्टीमच्या गाड्या म्हणतात. पंप टाकीतून पेट्रोल ढकलतो. ते फिल्टरमधून रेलमध्ये येतं, इंजेक्टर लागेल तेवढं घेतात आणि उरलेलं रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. रेग्युलेटरच्या आत एक पडदा असतो आणि त्याच्यावर स्प्रिंग. पडद्याच्या स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डमधून (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या भागातून) एक बारीक नळी येते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असेल तर पेट्रोलचं प्रेशर तेवढं उतरतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, आला की तेवढंच चढतं. इंजेक्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रेशरमधला फरक कायम एकसारखा राहावा, म्हणून ही योजना.

बहुतेक गाड्यांत हा फरक ३ बार, म्हणजे साधारण ४३.५ पीएसआय ठेवतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे बाहेरच्या हवेचं प्रेशर साधारण ०.९५ बार असतं, आणि निरोगी इंजिन आयडलला अर्ध्या बारच्या थोडा वर व्हॅक्यूम ओढतं. म्हणून नळी लावलेली असताना आयडलला मीटरवर २.४ ते २.५ बार दिसलं पाहिजे. ०.८ बार बूस्टवर तेच मीटर ३.८ दाखवेल आणि ते अगदी बरोबर आहे. नवीन मुलं हाच आकडा बघून घाबरतात आणि स्क्रू खाली करतात. मग बूस्टवर पेट्रोल कमी पडतं आणि दट्ट्या जळतो. बूस्टवर वाढलेलं प्रेशर बघून हात लावू नका. आयडलला वाढलेलं असेल, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

भाच्याच्या गाडीत आयडलला ४.६ होतं, त्यात मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ०.५५. म्हणजे इंजेक्टरवर प्रत्यक्ष फरक ५.१५ बार पडत होता. इंजेक्टरमधून निघणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. ५.१५ भागिले ३, त्याचं वर्गमूळ १.३१. म्हणजे ४४० सीसीचा इंजेक्टर जवळजवळ ५७५ सीसीचा होऊन बसला होता. बहुतेक ईसीयू (इंजिनचे संगणक) ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून साधारण २५ टक्क्यांपर्यंतच इंधन कमी करू शकतात. ३१ टक्के जास्तीचं पेट्रोल कापायला जवळजवळ २४ टक्के कपात लागते, म्हणजे ते अगदी मर्यादेच्या काठावर येतात आणि हातात काही उरत नाही. मग प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका.

हात लावण्यापूर्वी

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. म्हणून सर्व्हिस पिटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही. उघड्या जागी, सावलीत, सकाळी करा. जवळपास गॅस गीझर किंवा देवघरातली समई पेटलेली नको. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा आणि सोबत एक माणूस ठेवा, ज्याला ते चालवता येतं. मी हे दरवेळी सांगतो आणि पुढेही सांगत राहणार.

लाइन उघडण्यापूर्वी तिच्यातलं प्रेशर काढायचं. पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. मग आणखी दोन-तीन वेळा सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. एवढं करूनही नळी सोडताना तिच्यावर कापड गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

तुमच्या गाडीत कोणती सिस्टीम आहे तेही आताच बघून घ्या. रेलपासून टाकीकडे दुसरी नळी जात नसेल तर ती रिटर्नलेस. तिचा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलमध्ये किंवा फिल्टरला जोडलेला असतो. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाडीत इंजिनवर वेगळा हाय प्रेशर पंप असतो आणि त्याच्या पुढच्या पाइपमध्ये शंभर-दीडशे बार आणि त्याहूनही जास्त प्रेशर असतं. तो पाइप घरी उघडायचा नाही. एवढ्या जोराची धार कातडी फोडून आत शिरते.

मीटर खरं बोलतंय का?

काटा खोटा असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट. लाइनमधलं प्रेशर काढल्यावर काटा शून्यावर येतो का ते पाहा. येत नसेल तर मीटर बदला. ग्लिसरीन भरलेली मीटरं इंजिनच्या उष्णतेने चुकतात, म्हणून बॉनेटखाली कायम बसवलेल्या मीटरवर मी निदान करत नाही. दुसरं एक साधं मीटर तात्पुरतं जोडून पडताळून घेतो.

इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल तर तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो की निर्वाताच्या तुलनेत, हे बघा. दुसऱ्या प्रकारचा सेन्सर इंदूरमध्ये खऱ्या ३ बारला ३.९५ दाखवेल. असे दोन सेन्सर मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा मालकाने रेग्युलेटर आधीच बदलून टाकला होता, खरं तर सेटिंगमध्ये सेन्सरचा प्रकार तेवढा बदलायचा होता.

तीन रीडिंग

पहिलं रीडिंग इंजिन बंद ठेवून, फक्त पंप चालवून घ्यायचं. रिलेच्या जागी फ्यूज आणि स्विच असलेली जाड वायर जोडा म्हणजे पंप चालत राहील. इंजिन बंद असल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नाही. त्यामुळे मीटरवर दिसतं ते बेस प्रेशर.

दुसरं रीडिंग इंजिन आयडलला, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी लावलेली.

तिसरं तसंच आयडलला, पण नळी रेग्युलेटरवरून काढून. मॅनिफोल्डकडचं टोक बोटाने किंवा टोपीने बंद करायला विसरू नका, नाहीतर हवा आत जाऊन आयडल बिघडेल.

निरोगी गाडीत हे तीन आकडे ३.०, २.४५ आणि ३.० असे काहीतरी येतात. भाच्याच्या कागदावर आले ४.२, ४.६ आणि ४.६.

हा कागद नीट वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं. नळी काढली-लावली तरी काटा हलत नाही, याचे दोन अर्थ निघतात. एक तर नळीतून व्हॅक्यूम पोहोचत नाही. तसं असेल तर दोन्ही आकडे बेस प्रेशरइतके, म्हणजे तीनच्या जवळ हवेत. दुसरा अर्थ असा की रेग्युलेटर आधीच पूर्ण उघडून बसला आहे आणि त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही. भाच्याच्या गाडीत दुसरा अर्थ लागू होता, आणि त्याची आणखी एक खूण होती. इंजिन बंद असताना बॅटरी १२.३ व्होल्टवर होती, तेव्हा ४.२. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरचे १४ व्होल्ट मिळाले, पंप जोरात फिरला, आणि ४.६. चांगला रेग्युलेटर व्होल्टेजमुळे असा हलत नाही, तो जास्तीचं पेट्रोल मागे सोडून देतो. व्होल्टेजबरोबर प्रेशर चढत असेल तर परतीच्या वाटेत अडथळा आहे असंच समजा.

याउलट आकडे ४.०, ३.४५, ४.० असे आले तर रेग्युलेटर व्यवस्थित काम करतो आहे, फक्त कोणीतरी त्याचा स्क्रू जास्त कसला आहे. हे सगळ्यात सोपं. वरचा लॉकनट ढिला करा, एलन कीने स्क्रू उलटा पाव फेरा फिरवा, थांबा, काटा बघा, पुन्हा पाव फेरा. नळी काढलेली असतानाच सेट करायचं. तीनवर आला की लॉकनट कसा, आणि कसल्यावर पुन्हा बघा, कारण कसताना स्क्रू थोडा फिरतो. स्क्रू पूर्ण मोकळा करूनही काटा एका आकड्याखाली उतरत नसेल तर जोर करू नका. तो आकडा परतीच्या वाटेचा आहे, स्क्रूचा नाही.

बारीक नळीची मोठी गडबड

व्हॅक्यूम नळीच्या बाबतीत मी तीन चुका वारंवार पाहतो. नळी थ्रॉटलच्या आधीच्या पाइपला जोडलेली असते, तिथे व्हॅक्यूम मिळत नाही. ब्रेक बूस्टरच्या लाइनवरून टी काढून घेतलेली असते. त्या लाइनमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे व्हॅक्यूम अडकून राहतो आणि बूस्ट पोहोचतच नाही. किंवा बूस्ट मीटर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर, सगळे एकाच टीवर. रेग्युलेटरला मॅनिफोल्डवरून त्याची स्वतःची वेगळी नळी द्या, आखूड, आणि दोन्ही टोकांना झिप टाय.

ही नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल दिसलं किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय. असा रेग्युलेटर दुरुस्त करत बसू नका, बदला.

परतीची वाट

आपल्या घरच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आलं की सगळे मोटर लावतात. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपमधून पाणी जातं. आता कोणी दुप्पट ताकदीची मोटर आणली आणि ओव्हरफ्लोचा पाइप तोच अर्धा इंची ठेवला, तर पाणी टाकीच्या काठावरून वाहणारच. गाडीत काठ नाही, म्हणून प्रेशर चढतं.

ताशी २५५ लिटर म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटर. आयडलला इंजिन तासाभरात लिटरभराच्या आसपास पेट्रोल खातं. बाकीचं जवळपास सगळं त्या परतीच्या नळीतून जायचं असतं. म्हणून अडथळ्याचा त्रास आयडलला सगळ्यात जास्त दिसतो, आणि पूर्ण रेसवर इंजेक्टर भरपूर पेट्रोल घेऊ लागले की प्रेशर हळूहळू जागेवर येतं. लोक म्हणतात, “वर चांगली पळते, फक्त खाली त्रास देते.” हे वाक्य ऐकलं की मी थेट मागच्या नळीकडे जातो.

खात्री करून घ्यायची तर इंजिन बंद ठेवून करा. प्रेशर काढा, रेग्युलेटरवरची रिटर्न नळी सोडा, तिथे चांगल्या प्रतीची मोठ्या व्यासाची आखूड नळी लावा आणि तिचं टोक पाच लिटरच्या पत्र्याच्या डब्यात सोडा. प्लास्टिकचा डबा नको. डबा जमिनीवर, इंजिनपासून लांब. एकाने मीटर बघायचं, दुसऱ्याने रिलेच्या स्विचवर हात ठेवायचा. पंप १५ सेकंद चालवा. डब्यात पाऊण ते एक लिटर पेट्रोल आलं पाहिजे.

आमच्या डब्यात पेट्रोल पडायला लागलं आणि काटा ४.२ वरून ३.० वर येऊन थांबला. रेग्युलेटर चांगला, पंप चांगला, मीटर चांगलं. दोष रेग्युलेटर ते टाकी यांच्यामध्ये. काटा उतरला नसता तर रेग्युलेटर लहान पडतोय किंवा त्याच्या इनलेट-रिटर्नच्या नळ्या उलट्या बसल्यात असा निष्कर्ष निघाला असता. उलट्या बसवणारेही कमी नाहीत, त्याच्या अंगावरची खूण वाचून मगच जोडा.

पुढचा शोध निम्म्या-निम्म्याने करायचा. मधला जोड उघडा, तिथून डब्यात सोडा. प्रेशर उतरलं तर दोष त्या जोडापासून टाकीकडे, नाहीतर रेग्युलेटरकडे. दोन वेळा उघडल्यावर आम्ही टाकीजवळच्या हातभर रबरी नळीवर येऊन पोहोचलो. बाहेरून नवी कोरी, कुठे पिचकलेली नाही, वळणही सरळ. भाचा म्हणाला, “ही तर दोन वर्षांपूर्वीच बदलली होती.” मी ती काढून ब्लेडने उभी चिरली. आतलं अस्तर फुगून सुटलं होतं आणि एका बाजूला घडी होऊन पडलं होतं. मोकळी राहिलेली वाट पेन्सिलीच्या शिशाएवढी. नखाने दाबलं तर अस्तर ओल्या पापडासारखं वर आलं. पंप बदलताना घाईत कोणीतरी साधी रबरी नळी लावून दिली होती. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला न टिकणारं रबर असंच फुगतं. त्यामुळे नळी घेताना तिच्यावर इंधन इंजेक्शनसाठीचा ३० आर ९ हा दर्जा छापलेला आहे का ते वाचा. सियागंजात नळ्यांचे ढीग लागलेले असतात, दुकानदार “सब चलता है” म्हणेल, तरी छापील अक्षरं दिसल्याशिवाय घेऊ नका. क्लॅम्पही गुळगुळीत पट्टीचे, इंजेक्शन नळीचे घ्या. खाचांचे क्लॅम्प रबर कापतात.

नळी साफ असूनही प्रेशर उतरत नसेल तर टाकीतलं बघा. अनेक टाक्यांत परतीचं पेट्रोल एका बारीक जेटमधून जातं. त्याच्या ओढीने पंपाभोवतीची वाटी भरलेली राहते किंवा टाकीच्या दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल खेचलं जातं. कंपनीच्या लहान पंपाला ते जेट पुरतं, मोठ्या पंपाला नाही. काही जण जेटला भोक मोठं करतात. मला ते पटत नाही, कारण मग टाकी अर्ध्याखाली गेली की वळणावर पंप कोरडा पडतो. मोठ्या पंपासाठी टाकीच्या झाकणावर वेगळी, जाड परतीची वाट काढून ती वाटीत सोडणं जास्त बरं.

पंप खरंच मोठा असेल तर? परतीची लाइन पुढच्या लाइनइतकी जाड करा, जास्त प्रवाह सोडणारा रेग्युलेटर लावा, किंवा पंपाचा वेग इंजिनच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा कंट्रोलर बसवा. पातळ वायर लावून पंप हळू करण्याचा जुगाड करू नका. आयडलला मीटर छान दिसेल, पण बूस्टवर व्होल्टेज पडेल आणि वायर तापेल.

रिटर्नलेस गाडी

इथे मोठा पंप टाकला आणि प्रेशर वाढलं तर जवळपास नेहमी कारण एकच असतं: टाकीतल्या मॉड्यूलचा छोटा रेग्युलेटर एवढं पेट्रोल परत सोडू शकत नाही. बहुतेकदा त्याला मॅनिफोल्डची नळीही नसते, त्यामुळे बूस्ट वाढला की इंजेक्टरवरचा फरक कमी होत जातो. थोड्या बूस्टवर कंपनीचं मॉड्यूल आणि ईसीयूची योग्य सेटिंग पुरते. त्याच्यापुढे जायचं असेल तर रेलवर रेग्युलेटर आणि स्वतंत्र रिटर्न लाइन घालून सिस्टीम बदलावी लागते.

प्रेशर सुधारलं, आता गाडी रेसवर नेऊ नका

सगळ्यात महागडी चूक इथेच होते. गाडीचं ट्यूनिंग चुकीच्या प्रेशरवर झालं असेल तर ट्यूनरने जास्तीचं पेट्रोल झाकायला इंजेक्टरचा वेळ कमी केलेला असतो. तुम्ही प्रेशर बरोबर केलंत की तोच मॅप (ईसीयूमधली इंधनाची सेटिंग) गाडीला पेट्रोल कमी देऊ लागतो. बूस्टवर कमी पेट्रोल म्हणजे नॉकिंग (मिश्रण वेळेआधी किंवा भलतीकडे फुटणं), आणि ते सेकंदांत इंजिन खातं. म्हणून दुरुस्तीनंतर बूस्ट न येऊ देता, हलक्या पायाने, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक मोजणारा) सेन्सर लावून गाडी चालवा आणि थेट ट्यूनरकडे न्या. वाइडबँड लॅम्ब्डामध्ये (आदर्श मिश्रणाला १ धरणाऱ्या मापात) वाचा. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा, २० टक्के इथेनॉलला तो साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या आकड्यावर ट्यून केलंत तर पुन्हा गोंधळ.

इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला, प्लग साफ किंवा नवे. सगळे जोड गाडी चालू ठेवून कोरड्या कापडाने पुसून बघा, दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पुन्हा बघा.

मॅप तपासायला रात्री सुपर कॉरिडॉरवर जाऊ नका. तो शहराचा रस्ता आहे, तिथे माणसं जा-ये करतात. डायनोवर (गाडी जागेवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर) करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय केलेले बदल बेकायदा आहेत आणि दर बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे आधी विचारून घ्या.

भाच्याच्या गाडीत नवी नळी लावून पुन्हा तीन रीडिंग घेतली: ३.०, २.४५, ३.०. बॉनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपची पट्टी लावून त्यावर तारीख आणि हे तीन आकडे पेनाने लिहिले. खाली त्याने स्वतःच आणखी एक ओळ घातली: रिटर्न नळी बदलली, पुढची तपासणी दिवाळीनंतर.